एका म्हशीची सात नावं

माझ्या क्लासचे दोन नियम होते. इंग्रजी निबंधातला कुठलाही परिच्छेद जोडशब्दाशिवाय सुरू करायचा नाही, आणि एका परिच्छेदात एकच शब्द दोनदा वापरायचा नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी बरीच वर्षं संध्याकाळी हे दोन नियम शिकवले. ते कुठल्या पुस्तकात नाहीत. मीच केले.

केले ते अनुभवातून. ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते तेव्हा बारावीचे पेपर तपासायला जावं लागायचं. गठ्ठा संपवायचा असतो, पंखा गरम वारा फेकत असतो आणि त्याच विषयावरचा साठावा निबंध समोर असतो. अशा वेळी तपासणारी बाई निबंध वाचत नाही. मेथीच्या जुडीवरून हात फिरवावा तशी त्यावरून नजर फिरवते. नजरेला 'मोअरओव्हर' लागलं की तिला वाटतं, पोरीला अजून काही सांगायचं आहे. 'हाउएव्हर' लागलं की वाटतं, पोरीनं दोन्ही बाजूंनी विचार केला आहे. सांगायचं काय होतं आणि विचार कोणता केला, हे बघायला कुणाला वेळ असतो? मी स्वतः असे मार्क दिले आहेत, त्यामुळे छातीठोकपणे सांगते.

म्हणून मी एक कागद केला. डाव्या बाजूला चाळीस जोडशब्द, पाच गटांत: भर घालणारे, विरोध करणारे, कारण सांगणारे, उदाहरण देणारे आणि गुंडाळणारे. उजव्या बाजूला नेहमीच्या शब्दांना पर्याय. 'गुड'ला नऊ, 'बिग'ला अकरा, 'सेड'ला चौदा. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्या दिवशी पांढरा कागद संपला होता, म्हणून त्यानं गुलाबी कागदावर प्रती काढून दिल्या. तेव्हापासून त्याचं नाव गुलाबी कागद पडलं. मूळ प्रतीवर माझ्या चहाच्या कपाचा गोल उमटला होता आणि त्यात अठरा नंबरचा जोडशब्द बुडाला. पुढे मुलं सतरावरून थेट एकोणीसवर जायची. एकीनं मला विचारलंही होतं, की बाई, इंग्रजीत अठरावा नसतोच का. नसतो, म्हणाले. कोण परत लिहीत बसणार.

पाच-सहा वर्षांत गुलाबी कागद माझा राहिला नाही. मुरगूडच्या एका मुलीच्या वहीत सापडला, ती माझ्याकडे कधी आलेली नव्हती. कबनूरच्या एका क्लासच्या भिंतीवर तो लॅमिनेट करून लावला आहे असं कळलं. झेरॉक्सवाल्यानं त्याची एक प्रत कायम मशीनखालीच ठेवली होती. परीक्षेच्या महिन्यात मुलं त्याच्याकडे जाऊन "गुलाबी द्या" एवढंच म्हणायची. मला याचा राग आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी रिक्षातून त्या दुकानावरून जाताना मान वळवून बघायची.

घरात मात्र कागदाला किंमत नव्हती. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. हयात पत्रव्यवहारात गेली. त्यांचं म्हणणं, पत्रात तीनच गोष्टी लागतात: काय झालं, काय पाहिजे, कधीपर्यंत. मी म्हणायची, ते पत्र झालं, हे लेखन आहे. ते म्हणायचे, बरं. नवऱ्यानं 'बरं' म्हटलं की वाद आपण जिंकला असं मी धरून चालते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात, एका गुरुवारी संध्याकाळी, कोडोलीची माझी जुनी विद्यार्थिनी आली. अकरावी-बारावीला ती इथे मावशीकडे राहून माझ्याकडे शिकली होती. पुढे दूध-दुभत्याच्या तंत्रज्ञानाची पदवी घेतली. घरी नऊ म्हशी. आई धार काढते, वडील वैरण-पाणी बघतात आणि दूध गावातल्या डेअरीला घालतात. मुलगी हुशार, आवाज खणखणीत, बोलणं कोल्हापुरी मुलींचं असतं तसं 'मी आलो, मी गेलो'. आल्या आल्या तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला.

तिनं नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. गावात त्या देशाला कुणी नेदरलँड्स म्हणत नव्हतं. हॉलंड म्हणत होते, आणि एच.एफ. ही भरपूर दुधाची गाय तिथूनच आली म्हणून सगळ्यांना तो माहीत होता. गाय तिकडनं इकडं आली, आता पोरगी इकडनं तिकडं चालली, अशी डेअरीवर चेष्टा चालायची. फी माफ होणार होती, पण ती याच वर्षी, निवड झाली तर. दुसऱ्या बाजूला तालुक्यातल्या एका दूध शीतकरण केंद्रात तिला नोकरी लागली होती आणि एक तारखेला हजर व्हायचं होतं. वडिलांचं मत ठरलेलं होतं. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये. विद्यापीठाचं उत्तर एक तारखेच्या आत आलं तर बघू, नाहीतर नोकरी.

उत्तर आलं होतं. पण ते हो किंवा नाही असं नव्हतं.

प्रवेशाचं काम बघणाऱ्या एका बाईंनी ते लिहिलं होतं. फार सभ्य होतं. आपलं निवेदन आम्ही आवडीनं वाचलं, असं म्हणून त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या होत्या. पहिली, आपल्या घरी बफेलो, बोव्हाइन, कॅटल, लाइव्हस्टॉक, मिल्च अॅनिमल, क्वाड्रुपेड आणि बीस्ट असे सात प्रकारचे प्राणी आहेत असं दिसतं. कृपया प्रत्येक प्रकारचे किती, ते कळवावं. दुसरी, आपल्या भागातून या वर्षी आणि गेल्या वर्षी आलेल्या काही अर्जांमधली वाक्यं आपल्या वाक्यांशी बरीच जुळतात. आमचा कुणावर आरोप नाही. मात्र अशा सर्व अर्जदारांना आम्ही एक पान नव्यानं लिहायला सांगत आहोत. विषय: आपण चांगला ओळखता असा एक प्राणी. मुदत सोमवार. नंतर व्हिडिओवर मुलाखत.

सात प्राण्यांचा प्रश्न त्या बाईंनी खरोखर विचारला होता की थट्टेनं, हे मला अजून कळलेलं नाही. डच लोक थट्टा करताना कसे लिहितात हे मला माहीत नाही.

मी तिचं मूळ निवेदन मागितलं. पहिलं वाक्य ठीक होतं. माझी आई पहाटे उठून म्हशींच्या धारा काढते. पुढे: शिवाय, बोव्हाइनना आंघोळ घातली जाते. त्याही पुढे जाऊन, कॅटलना वैरण दिली जाते. याउलट, क्वाड्रुपेड रवंथ करतात. एक मिल्च अॅनिमल वेळेला पाच लिटर दूध देतो. तरीसुद्धा माझी आई आनंदात असते. या सगळ्याचा परिणाम म्हणून मला पशुधनाबद्दल तीव्र ओढ आहे.

प्रत्येक जोडशब्द मी ओळखत होते. दोन, सहा, अकरा, चौदा, तेवीस. अठरावा कुठेही नव्हता.

म्हशीला सात नावं कशाला दिलीस, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"एका परिच्छेदात एक शब्द दोनदा वापरायचा न्हाय, हे तुम्हीच सांगितलंसा की बाई," ती म्हणाली. "म्हस आठ वेळा आली. मग मी काय करू? मोबाइलवर शोधलो. सातच घावली. आठव्या वाक्यातनं म्हस काढूनच टाकलो."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हिशेब चुकता होता आणि तो तिनं मला दाखवला, एवढंच.

अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं ते मला आता कळतं. मी त्या वेळी काय केलं ते सांगते. मी लाल पेन उघडलं. दोष कागदाचा नसून तो वापरणाऱ्याचा आहे असं मनाशी ठरवलं, आणि शुक्रवारी तिला दिवसभर बसवून घेतलं. जोडशब्द चुकीच्या जागी पडलेत, ते योग्य जागी टाकू. पर्यायी शब्द ढोबळ आहेत, नाजूक घेऊ. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी एक पान तयार केलं. त्यात म्हैस हा शब्द एकदाच होता, पहिल्या ओळीत. नंतर ती 'आमची मूक सोबतीण' झाली, मग 'ही सहनशील माउली', मग 'ग्रामीण अर्थव्यवस्थेचा कणा'. एका बाजूला परंपरा आणि दुसऱ्या बाजूला विज्ञान असं एक वाक्य मी स्वतः घातलं. ते मला इतकं आवडलं की ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, बरं.

शनिवारी दुपारी तिचे वडील तिला न्यायला आले. मार्केट यार्डात सरकी पेंड घ्यायला आले होते, पोती टेम्पोत टाकून पुढे पाठवली आणि मोटरसायकल आमच्या दारात लावली. धिप्पाड माणूस, टोपी, आणि मिशा अशा की माणूस आत यायच्या आधी त्या येतात. खुर्चीच्या अगदी कडेला बसले. मी चहा ठेवला. काय लिवलंय ते बघू की, म्हणाले. इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा मुलीनं एकेक वाक्य मराठीत करून सांगायला सुरुवात केली.

लिहिलेलं मराठीत ऐकायचं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, त्यातही कोल्हापुरी तोंडून ऐकणं हा वेगळाच प्रकार आहे. "आबा, ही आमची मुकी सोबतीन हाय. शिवाय, ही सहनशील माउली..." इथे ती स्वतःच थांबली.

वडिलांनी बशी खाली ठेवली.

"ही म्हस कुणाची म्हणायची?" त्यांनी विचारलं.

आपलीच की, ती म्हणाली.

"आपल्यातली कंची?"

ती पान पुन्हा वरून खाली बघू लागली. तेव्हा माझ्याही ध्यानात आलं, की दिवसभर मेहनत करून आम्ही ज्या म्हशीवर पान लिहिलं ती कुठलीच नव्हती. विषय होता आपण चांगला ओळखता असा एक प्राणी. त्यातला 'एक' आम्ही विसरलो होतो.

वडील मग सांगू लागले. सांगणं हा शब्द बरोबर नाही. डेअरीच्या कट्ट्यावर गडी उभ्या उभ्या बोलतात तसं ते बोलत गेले. सहनशील म्हणायची तर आपल्यात एकबी न्हाय. चितकबरी लाथ मारते. थोरली पाण्याला जाताना वाटेतल्या प्रत्येक दारात उभी राहते. आणि मोडक्या शिंगाची तर इचारूच नका, तिनं तर मागल्या साली... आणि तेही थांबले.

मागल्या साली काय झालं, असं मी विचारलं. मुलगी हसायला लागली. वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि रस्त्याकडे बघू लागले. ते त्यांनी सांगितलं नाही, मुलीनं सांगितलं.

त्याच्या आदल्या वर्षी तिच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आठ दिवस आई कोल्हापुरात दवाखान्यात. बाकीच्या म्हशींनी वडिलांना कशीबशी धार काढू दिली, पण मोडक्या शिंगाची पान्हाच सोडेना. पहिल्या दिवशी बादली उडवली. दुसऱ्या दिवशी मुलगी वसतिगृहातून आली. तिला आत्मविश्वास होता. पान्हा कशानं सुटतो, त्या संप्रेरकाचं नाव काय, ते मेंदूतून निघून कासेपर्यंत किती वेळात पोचतं, हे सगळं ती परीक्षेत लिहून आलेली. ती गोठ्यात गेली, कास धुतली, बसली. म्हशीनं वळून तिच्याकडे बघितलं आणि पाय झाडला. कास दगडासारखी. शेजारचे इंजेक्शन देऊन टाका म्हणत होते, ते बाजारात मिळतं आणि देतात लोक. वडील नको म्हणाले. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी युक्ती सांगितली. आईची नेहमीची हिरवी साडी खुंटीवर होती, न धुतलेली. ती वडिलांनी अंगाला गुंडाळली, डोक्यावरून पदर घेतला, आणि आई बसते तसे, त्याच बाजूनं, तोंडानं काही न बोलता बसले.

म्हशीनं वास घेतला आणि दूध सोडलं.

उरलेले सहा दिवस ते साडी नेसून धार काढत होते. चौथ्या दिवशी घाईत तसेच डेअरीला गेले आणि रांगेतल्या कुणीतरी म्हटलं, आज वैनी आल्यात व्हय दूध घालायला. तेव्हापासून गावात ती चेष्टा चालू आहे.

"पर निम्मंच दिली," वडील एकदम म्हणाले. रस्त्याकडेच बघत. "पाच लिटरची म्हस. साडीला अडीच दिली. तिला कळलंतं की. घरचाच गडी म्हणून भागवून घेतली."

मी शिकवणारी बाई आहे. मला कशातूनही धडा काढायची खोड आहे. त्या दिवशी काढला नाही. निवलेला चहा त्यांना परत गरम करून दिला.

ते पितानाच मुलगी म्हणाली, आणि ती माझ्याशी नाही, बहुतेक स्वतःशीच बोलत होती: "मला वळखली न्हाय ती. मी घरची. चार वर्षं शिकलो. आबांच्या अंगावरची साडी वळखली, मला न्हाय. ते का, हेच मला शिकायचंय. पुस्तकात न्हाय ते. मी सगळ्या पुस्तकांत बघितलो."

तिच्या मूळ निवेदनात पशुधनाबद्दलची तीव्र ओढ होती. हे नव्हतं.

हेच लिही, मी म्हणाले. वडिलांनी कप खाली ठेवला.

"ते लिवायचं न्हाय. गावाला कळलंय तेवढं बास. हॉलंडात कशाला?"

"आबा, हॉलंडात तुम्हास्नी कोण वळखतंय?"

"एच.एफ. गाई हाईत न्हवं."

मला हसू आलं, पण ते थट्टा करत नव्हते. माणसाची गावात एक पत असते. साडीची गोष्ट चेष्टेत ऐकून घेणं वेगळं आणि कागदावर जाणं वेगळं. कागदावर गेलेलं परत येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा बरं कळत होतं. माझा कागद कुठे कुठे गेला ते मी बघितलंच होतं. मुलीनं आग्रह केला नाही. तिनं फक्त विचारलं, मग दुसरी कंची म्हस लिवू? मी दुसरी कुठलीबी लिवतो. पर मला ऊर फुटस्तोवर रडायला आलं ते हिच्याच म्हागारी, गोठ्यात. दुसरी कुणी मला तसं केली न्हाय.

वडील बराच वेळ मिशी ओढत बसले. मग उठले, टोपी घातली. दारात मोटरसायकलला किक मारण्याआधी म्हणाले, "लिव. पर मिशीचं लिवू नको."

रविवारी ती घरी बसली. मी सांगितलं होतं, आधी मराठीत लिही, आबांना सांगतेस तसं, आणि मग त्याचंच इंग्रजी कर, गुलाबी कागद न बघता. सोमवारी सकाळी पान मोबाइलवर आलं.

ते वाचताना मला शारीरिक त्रास झाला, हे कबूल करते. बफेलो हा शब्द अकरा वेळा होता. एकही जोडशब्द नव्हता. वाक्यं लहान होती आणि एकामागून एक नुसती येत होती, म्हशी पाण्याला जातात तशी. आई दवाखान्यात गेली. म्हैस दूध देईना. मी गेले. म्हैस दूध देईना. माझ्या वडिलांनी आईची साडी नेसली. साडी हिरवी होती. म्हशीनं निम्मं दूध दिलं. उरलेलं निम्मं का दिलं नाही ते मला माहीत नाही. ते माहीत करून घ्यायला मला यायचं आहे.

शेवटी एक ओळ होती. माझ्या वडिलांना मोठी मिशी आहे. म्हशीची मिशीला हरकत नव्हती.

म्हणजे मिशी वगळली नव्हतीच. मी फोन केला, आबांनी नको म्हटलं होतं ना. ती म्हणाली, आबांनाच वाचून दाखवलो, त्यांनी 'आता ऱ्हाऊ दे' म्हटलं. लाल पेन माझ्या हातात होतं. दोन वाक्यांच्या मध्ये निदान एक 'देअरफोर' टाकावा असं तीन ठिकाणी वाटलं. एकदा तर ती अकरा बफेलो मी परत मोजली. तशी ती अकराच होती, आणि ती सगळी एकच म्हैस होती. स्पेलिंगच्या दोन चुका दुरुस्त करून पाठव म्हटलं.

सात प्राण्यांच्या प्रश्नाला तिनं एका ओळीत उत्तर दिलं होतं: नऊ म्हशी, बाकी कुणी नाही.

मुलाखत पुढच्या आठवड्यात आमच्याच पुढच्या खोलीत झाली, कारण कोडोलीत दुपारी वीज कधी जाईल सांगता येत नाही. मी स्वयंपाकघरात बसून गवार निवडत होते आणि ऐकत होते. तिकडचे तीन जण होते. तिच्या पदवीबद्दल दोन प्रश्न विचारले आणि उरलेला सगळा वेळ साडीबद्दल. साडी धुतलेली असती तर? दुसऱ्या बाईनं नेसली असती तर? तुम्ही नेसून बघितली का? ही एकटी उत्तर देत होती, त्याच लहान वाक्यांत, आणि जिथे येत नव्हतं तिथे सरळ माहीत नाही म्हणत होती. शेवटी कुणीतरी विचारलं, की इतक्या गोष्टी माहीत नाहीत तर मग? ती इंग्रजीत म्हणाली ते मराठीत एवढंच होतं: ठावं न्हाय म्हणून तर येतोय की. तिकडून हसण्याचा आवाज आला. एवढ्यावरून काही ठरत नाही, म्हणून मी गवारच निवडत राहिले.

उत्तर काही येईना. एक तारीख आली. शीतकरण केंद्रानं आणखी दोन दिवस थांबू म्हटलं, तिसऱ्या दिवशी जागा दुसऱ्याला देणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील स्वतः केंद्रात गेले आणि पोरगी येत न्हाय असं सांगून आले. का सांगितलं ते त्यांनी आपणहून बोलून दाखवलं नाही. तिच्या आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, माझी गोष्ट एवढ्या लांब गेली, आता पोरगी हितंच ऱ्हायली तर मी फुकट साडी नेसली म्हणायची.

त्यानंतर दहा दिवसांनी पत्र आलं. प्रवेश मिळाला, फी माफ झाली.

निघण्याआधी ती आली तेव्हा डब्यात खरवस घेऊन आली. चितकबरी व्याली होती. मी गुलाबी कागदाची माझ्याकडची मूळ प्रत, चहाच्या गोलासकट, तिला दाखवली आणि म्हणाले, आता हा बंद करणार आहे. ती म्हणाली, कशाला बाई, बारावीला मार्क त्यानंच पडलेत की. हे खरं होतं. मार्क त्यानंच पडले होते.

तरी मी झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याला सांगितलं, गुलाबी देऊ नकोस. त्यानं मला समजावलं, की बाई, तुमचा मी दिला न्हाय तर पोरं दुसऱ्याचा पिवळा नेत्यात, त्यात तर पन्नास शब्द हाईत. शिवाय आता गुलाबीला उठाव न्हाय. नवा पांढरा चाललाय.

पांढरा म्हणजे काय ते मला आठवड्याभरानं कळलं. परदेशच्या अर्जाची निवेदनं घेऊन तीन मुली एकापाठोपाठ आल्या. पहिलीच्या निवेदनात जोडशब्द नव्हते. बरं वाटलं. वाक्यं लहान होती. तेही बरं वाटलं. चौथ्या ओळीत तिच्या वडिलांनी आईची साडी नेसली. दुसरीच्या वडिलांनीही नेसली, निळी. तिसरी मुलगी कबनूरची होती. वडिलांचं यंत्रमागाचं शेड, सोळा माग, आणि तिला टेक्स्टाइल शिकायचं होतं. तिच्या निवेदनात लिहिलं होतं, की आई आजारी असताना माग सुरू होईना, तेव्हा वडिलांनी साडी नेसली.

मी चष्मा काढला. तुमच्या घरी म्हैस आहे का, असं विचारलं.

"न्हाय की बाई."

मग हे काय आहे?

"त्या कोडोलीच्या पोरीचं झालं न्हवं ॲडमिशन?" ती म्हणाली. तिला माझा प्रश्नच कळला नव्हता.

मी तिचा कागद परत केला आणि सांगितलं, उद्या सकाळी शेडमध्ये जाऊन एका मागासमोर तासभर उभी राहा. सोळा नाही, एक. आणि मग ये. ती गेली. जाताना दारात थांबून तिनं विचारलं, की सुरुवात कुठल्या शब्दानं करायची.